तीन वर्षं झाली म्हणून उसने पैसे माफ होत नाहीत

परवा मावशीचा फोन आला, आवाज रडवेला. साडेतीन वर्षांपूर्वी तिने पुतण्याला दीड लाख हातउसने दिले होते, आणि आता त्यानेच घरच्या ग्रुपवर तो सगळीकडे फिरणारा मेसेज टाकलाय. तोंडी दिलेले उसने पैसे कायद्यात बसत नाहीत, 3 वर्षं झाली की कर्ज आपोआप माफ, 20,000 च्या वर कॅश दिली तर देणारा अडकतो, नातेवाइकांकडून व्याज घेतलं तर सावकारीचा गुन्हा. मावशी म्हणाली, गेले गं माझे पैसे.

आधी ते 3 वर्षांचं, कारण सगळ्यात वाईट तेच आहे. लिमिटेशन ॲक्ट 1963 प्रमाणे पैसे दिल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो, एवढं खरंय, मान्य. पण माफ कुठं लिहिलंय? 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 उघडा, मुदत उलटून गेलेलं कर्जसुद्धा "फेडीन" असं लिहून सही करून दिलं तर ते वचन कायद्याने बांधतं. देणंच संपलं असतं तर हे कलम ठेवलं कशाला असतं? आणि मेसेजमध्ये हे तर अजिबातच नाही की मुदत संपायच्या आत त्याने सही करून देणं कबूल केलं, किंवा थोडे पैसे परत केले आणि त्याची त्याच्या सहीची नोंद असली, तर 3 वर्षं तिथून पुन्हा नव्याने मोजतात.

तोंडी व्यवहार कायद्यात बसतो, अडचण पुराव्याची येते. बँकेच्या एंट्रीवरून पैसे गेले एवढंच कळतं, समोरचा "मला असेच दिले होते" म्हणू शकतो, म्हणून एक ओळ लिहून घ्यावी.

कॅशचं अर्धवट खरंय. 20,000 किंवा जास्त उसने रोख घेऊ नयेत असा आयकराचा नियम आहे, पण तो घेणाऱ्यावर आहे, देणाऱ्यावर नाही! व्याजाचं म्हणाल तर महाराष्ट्राचा 2014 चा कायदा सावकारीचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, घरात एकदा कुणाला पैसे दिले म्हणून मावशी सावकार होत नाही.

मी तिला विचारलं, त्याने मधे काही दिले होते का. दोन वर्षांपूर्वी 20,000 चा चेक दिला होता म्हणाली, पासबुकात एंट्री आहे, चेकवर सही त्याचीच. म्हणजे अजून वर्षभर मुदत आहे. रविवारी पासबुक घेऊन ती वकिलाकडे येतेय, मी सोबत जाणार आहे.