मुस्लिम बाईने लेडी डॉक्टरकडे जाताना घ्यायची काळजी

पहिलं म्हणजे नवऱ्याला बरोबर न्याच. दुखणं तुमच्या पिशवीचं असलं तरी डॉक्टरीणबाई बोलणार त्यांच्याशीच. परवा माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात धरून त्यांनी ह्यांना विचारलं, "रक्तस्राव कमी करायला हार्मोनची तांबी बसवता येईल, पण तुमच्यात चालते का हो?" मी शेजारच्याच खुर्चीत होते. तोंडावर नकाब होता, कानात बोळे नव्हते.

मुलं किती, ह्याचं उत्तर 'दोन' असेल तर दोनदा सांगा. एकदा सांगून विश्वास बसत नाही.

लग्न झालं नसेल तर जाऊच नका. पाळी थांबत नसली तरी अंगावर काढा. बाहेर बाकड्यावरची ओळखीची बाई तुमच्या आधी तुमच्या घरी पोचते.

रमजानात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या जावेकडून उसन्या घ्या. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांनी त्या घेऊ नयेत म्हणतात. जावेला तर चालल्या! पाळीतले रोजे नंतर कजा करता येतात, म्हणजे भरून काढता येतात, पण मग घरात सगळ्यांना कळतं ना.

आणि लाजा. भरपूर लाजा. फातिमा बिन्ते अबी हुबैशसारखं करू नका. रक्त थांबतच नाही, नमाज सोडू का, असं ती थेट पैगंबरांना विचारून आली. ते शिरेचं रक्त आहे, पाळीचे दिवस तेवढे सोड, बाकी नमाज पढ, असं सरळ उत्तर तिला मिळालं. नवऱ्याला पाठव, असं तिला कुणी म्हटलं नाही. दीन, म्हणजे धर्म, समजून घेताना अन्सारच्या, म्हणजे मदिनेतल्या, बायकांना लाज आड येत नाही, म्हणून पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी त्यांचं कौतुक केलं. कुराण उतरत होतं त्या काळात आम्ही अज्ल करत होतो, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून वीर्य बाहेर सोडत होतो, असं पैगंबरांचे सोबती हजरत जाबिर सांगतात. बायकोची तब्येत आणि रूप टिकावं म्हणूनही ते चालेल, असं इमाम गजालींसारख्या मोठ्या धर्मपंडिताने नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. आणि आमचे हे? "विचारून सांगतो." अहो, विचारणार कुणाला? हिमोग्लोबिन ७ माझं आहे. जिना चढताना धाप मला लागते!

डॉक्टर, हे सगळं तुम्हाला पाठ नसलं तरी चालेल. मला विचारायला काय झालं होतं? पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तिशीनंतर सगळ्याच बायकांनी करायची असते. तुम्ही मला ती सुचवलीसुद्धा नाहीत. बुरखेवाली तपासू देणार नाही, हे तुम्हीच ठरवलंत. पडदा ओढा आणि आत पुरुष येऊ देऊ नका, एवढंच तर मागते मी.

आणि घरातल्यांनो, तुम्हीही ऐका. सासूबाईंची पाळी जाऊन किती वर्षं झाली, आता परत अंगावरून जायला लागलंय, तर तुम्ही 'उष्णता असेल' म्हणून गप्प बसलात. पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी लगेच दाखवायचं असतं. उद्या सकाळी त्यांना घेऊन जा. आणि आत गेल्यावर त्यांना बोलू द्या.