‘कौतुक कशाचं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

कॅलिफोर्नियातल्या इन्यो काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) शेरीफ कार्यालयाच्या, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या कार्यालयाच्या, शोध-बचावाच्या कामाचं कौतुक करणाऱ्या माझ्या लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. "ताई, अमेरिकेत बसून अमेरिकेचे गोडवे गाणं सोपं असतं. डोंगर चढतात हौशी स्वयंसेवक, फोटो काढून घेतो शेरीफ. कौतुक कशाचं?" असं आपण लिहिलंत आणि पुढे तुरुंग, बेघर होणारी माणसं, कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी), निवडणूक असे मुद्दे एका दमात मांडलेत.

आधी सुराबद्दल. त्या ‘ताई’त आदर नव्हता, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. इथे संसार केला, कर भरते आणि इथल्या पोलिसांना नावंही ठेवलीत, याच ब्लॉगवर. मतभेद असू द्या. त्यासाठी मला भाट कशाला ठरवायचं?

आता ‘डोंगर चढतात हौशी स्वयंसेवक’ या वाक्याकडे येते. शोध आणि बचावाचं पथक स्वयंसेवकांचं आहे, त्यांना पगार नाही, हे मी लेखातच लिहिलं होतं. पण हे पथक शेरीफच्या अखत्यारीत काम करतं. काउंटी दहा हजार चौरस मैलांहून मोठी, वस्ती जेमतेम 19,000. शहर म्हणावं असं एकच, बिशप. तिथले पोलीस वेगळे. बाकी सगळा मुलूख शेरीफचा. अशा ठिकाणी माणूस हरवला की कुणाला उठवायचं, कुठल्या वाटेने पाठवायचं, शेजारच्या काउंटीची पथकं मागवायची का, हायवे पेट्रोलचं (राज्याच्या महामार्ग पोलिसांचं) हेलिकॉप्टर बोलवायचं का, हे कुणीतरी ठरवावं लागतं. रात्री दोन वाजता ते ठरवणारा डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, पगारी असतो आणि जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझा धाकटा दीर 14,505 फुटांच्या माउंट व्हिटनीवरून उतरताना अंधारात वाट चुकला होता. आम्ही पायथ्याच्या लोन पाइन गावात थांबलो होतो. फोन इंडिपेन्डन्स गावातल्या शेरीफच्या डिस्पॅचला, म्हणजे मदतीचे फोन घेणाऱ्या कक्षाला लागला. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, बुटांचा तळ कसा आहे? जाऊबाईंना आठवेना. मग त्यांनी मोबाइलमधले फोटो चाळायला लावले. एका फोटोत तो दगडावर पाय पसरून बसला होता, त्यात तळाची नक्षी दिसली. तो फोटो वर निघालेल्या माणसांकडे गेला. जॅकेटचा रंग, डोक्यावरचा दिवा, गाडी व्हिटनी पोर्टलला, जिथून चढाई सुरू होते तिथे, कुठे लावलीये, सगळं त्या शांतपणे टिपून घेत होत्या. सकाळी वाटेवरच्या ट्रेल कॅम्प या मुक्कामाच्या जागेच्या वर, मुरगळलेल्या पायाने बसलेला तो सापडला. खाली आणलं स्वयंसेवकांनीच. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती बाई आणि तो डेप्युटी नसते, तर ही माणसं घरी झोपलेली असती. आपल्या एका ओळीने दोघांचाही अपमान होतो: स्वयंसेवक हौशी ठरतात आणि कार्यालय फुकटं श्रेय घेणारं.

कोरोनरबद्दलचा मुद्दा मात्र मान्य. कॅलिफोर्नियातल्या 58 पैकी 48 काउंट्यांत शेरीफच कोरोनर असतो. त्याच्याच तुरुंगात कैदी दगावला तर मृत्यूची चौकशी त्याच्याच हाताखाली व्हावी, हे मलाही पटत नाही.

बाकीचं थोडक्यात. घर रिकामं करायचा हुकूम न्यायालयाचा असतो. शेरीफचा सिव्हिल विभाग पाच दिवसांची नोटीस दाराला लावतो आणि मुदत संपली की ताबा घेतो. त्याचा राग कायद्यावर काढा. तुरुंगावर मी दोनच ओळी लिहिल्या, कारण लेख तुरुंगावर नव्हता. आणि शेरीफ निवडून येतो यात एवढं भडकण्यासारखं काय आहे? 2028 पासून ही निवडणूक अध्यक्षपदाच्या वर्षात होणार आहे, म्हणजे मतदानाला अधिक लोक येतील. नको असेल त्याला घरी बसवतील.

तुम्ही पुन्हा लिहा, अगदी कडक लिहा, मी छापेन. फक्त ‘हौशी’ हा शब्द मागे घ्या. तो घेईपर्यंत मी तुमच्या पुढच्या मुद्द्यांना उत्तर देणार नाही.