पोपची दाढी आणि बादशहाचे मोती

व्यक्तिचित्रं 'कशी वाचावीत' हे शिकवणारे तक्ते हल्ली सारखे समोर येतात. दाढी म्हणजे ज्ञान, लाल म्हणजे सत्ता, मोती म्हणजे पावित्र्य. पाठ करा आणि कोणत्याही संग्रहालयात शिरा! मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे.

राफाएलने रंगवलेला पोप दुसरा ज्युलियस घ्या. अंगावर लाल मखमल, बोटांत अंगठ्या, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. तक्ता म्हणणार, ज्ञानवृद्ध. पण तेव्हाच्या चर्चमध्ये धर्मगुरूने दाढी राखणंच नियमाबाहेरचं होतं. बोलोन्या शहर हातचं गेल्याचं शल्य आणि फ्रेंचांना इटलीतून घालवेपर्यंत वस्तरा न लावण्याचा पण, यातून ती दाढी वाढलेली. थोडक्यात, चिडलेल्या, हरलेल्या माणसाची दाढी. त्या खाली वळलेल्या नजरेकडे आता पुन्हा बघा. १५१२च्या मार्चमध्ये दाढी उतरलीसुद्धा, आणि त्यामुळेच अभ्यासकांना चित्राचा काळ इतका नेमका ठरवता आला.

जहांगीरच्या कानातल्या मोत्यांचंही तसंच. १६१४ साली तो आजारातून उठला आणि ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींचा ऋणी म्हणून त्याने कान टोचून घेतले. दरबाऱ्यांनीही लगोलग टोचून घेतले (दरबारी ते दरबारीच). त्यामुळे मोती दिसले की चित्रातला प्रसंग त्यानंतरचा, असा अंदाज बांधता येतो. पावित्र्याचा संबंध कुठे आला?

मुघल चित्रांत जाम्याचे, म्हणजे लांब अंगरख्याचे, बंद कोणत्या बाजूला आहेत हेही बघावं. साधारणपणे मुसलमान उजवीकडे बांधत, हिंदू डावीकडे. चेहरा ओळखू आला नाही तरी एवढ्यावरून बरंच कळतं. इजिप्तच्या हत्शेप्सुतने तर राजपदाची खोटी दाढी लावून स्वतःचे पुतळे घडवून घेतले. राजाला दाढी लागते, मग राणी असली म्हणून काय झालं?

मेक्सिकन चित्रकार फ्रिदा कालोचं १९४०चं आत्मचित्र मात्र मला या सगळ्यांहून धीट वाटतं. आदल्याच वर्षी नवऱ्याशी, चित्रकार दिएगो रिवेराशी, घटस्फोट झालेला. अंगात ढगळ पुरुषी सूट, हातात कात्री, जमिनीभर कापलेले केस. 'पुरुषी कपडे म्हणजे सत्ता' असं लिहून मोकळे होणाऱ्यांनी त्या सूटचं माप तरी बघावं. तो तिच्या मापाचा नाहीच.