ब्रिटिशकालीन कागदपत्रांबद्दलच्या ‘त्या’ मेसेजचा खुलासा

ठाणे, कळवा, ऐरोलीच्या बऱ्याच ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय: ब्रिटिश काळातली ठाणे जिल्ह्याची सरकारी कागदपत्रं १०० वर्षं गोपनीय आहेत, आणि १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज केला की सरकारला त्यांचं मराठी भाषांतर करून द्यावंच लागतं. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

गोपनीयतेचं आधी. १०० वर्षांची अशी मुदत माहिती अधिकार कायद्यात नाही. उलट त्याचं कलम ८(३) सांगतं की २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं असे मोजके अपवाद सोडून, द्यायची असते. १९२३चा गोपनीयता कायदा आड आला तरी कलम २२नुसार माहिती अधिकार वरचढ. आणि ठाण्याचं १८८२चं इंग्रजी गॅझेटिअर तर छापील पुस्तकच आहे, त्यात लपवायचं काय? मुंबई इलाख्याची जुनी दप्तरं मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहेत.

भाषांतराचं म्हणाल, तर अर्ज मराठीत करता येतो, १० रुपये शुल्कही खरं. पण कागद ज्या भाषेत आहे त्याच भाषेत मिळतो. भाषांतर करून देण्याचं बंधन कायद्यात नाही. असावं असं मलाही वाटतं, पण तो वेगळा मुद्दा. मोडीतला कागद मोडीतच मिळणार, वाचणारा आपणच शोधायचा.

तेव्हा मंडळी, तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.