आजीचं नाव घेतलं म्हणून पोईची कृती चुकत नाही

‘खवय्या’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

पोई म्हणजे गोव्याचा कोंडा लावलेला, आतून पोकळ पाव. तो घरी कसा भाजायचा यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “कृती चार ओळींची आणि आजीपुराण चार पानांचं. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं नाटक कशाला? यीस्ट दुप्पट घाला, तासाभरात पोई तयार. वाटी-चमच्याची मापं देणाऱ्याने बेकिंगवर लिहू नये. आणि पोई पौष्टिक वगैरे काही नाही, अर्धा मैदाच असतो.”

मापांचं म्हणणं मान्य. कणकेची वाटी दाबून भरली की वजन सहज वाढतं आणि पीठ घट्ट होतं. म्हणून वजनात देते: 250 ग्रॅम कणीक, 250 ग्रॅम मैदा, 340 मिलि पाणी, 9 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर, 2 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. यात साधारण शंभर ग्रॅमच्या आठ पोया होतात. हेच तुम्ही “ग्रॅममध्ये माप द्याल का?” असं विचारलं असतंत तर त्याच दिवशी दिलं असतं. कुणी लिहावं आणि कुणी लिहू नये हे सांगायची गरज नव्हती.

‘नाटक’ या शब्दाबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे.

यीस्ट दुप्पट घातल्यावर पीठ तासाभरात फुगतं, हे खरंच आहे. पण फुगणं म्हणजे तयार होणं नव्हे. पोईत निम्मी कणीक असते आणि कणकेतला कोंडा पाणी हळूहळू शोषतो. तासाभरात भाजायला घेतलंत तर त्याची तहान भागलेली नसते. मग तो भाजताना आणि भाजल्यानंतरही बाकीच्या पिठातलं पाणी ओढत राहतो. सकाळी केलेली पोई संध्याकाळी चिवट होते ती यामुळेही, आणि लोक दोष देतात ओव्हनला. शिवाय पिठाला ताण देणारं आणि वायू धरून ठेवणारं गव्हातलं प्रथिन म्हणजे ग्लुटेन, त्याचे धागे कोंड्याचे कण तोडतात. धागे पुरेसे जुळण्याआधीच दुप्पट यीस्टने वायू भरला, तर तो पिठात टिकत नाही. पोई आधी फुगते आणि ट्रेवर ठेवताना बसते. मुंबईच्या मे महिन्यात हे आणखी लवकर होतं.

आता वास. यीस्ट जास्त आणि वेळ कमी असला की पावाला कच्च्या यीस्टचाच वास येतो. 2 ग्रॅम यीस्टने फ्रिजमध्ये 10 ते 14 तास पीठ सावकाश आंबतं. पिठातल्या स्टार्चची थोडी साखर होते, प्रथिनं थोडी सुटतात, किंचित आंबटपणा येतो. भाजताना वरचा भाग तांबूस होतो आणि खमंग वास सुटतो तो त्या साखरेमुळे आणि प्रथिनांमुळे. घाईच्या पिठात हे सगळं व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून पोई पांढुरकी राहू शकते. मग रंग येईना म्हणून जास्त वेळ भाजावी, तर आतून सुकते.

यीस्टची पाकिटं येण्याआधी गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची सूर (माडी) घालून पीठ आंबवत. त्या पिठाला वेळ लागायचा आणि सुरेतला आंबटपणा पावात उतरायचा. आज बहुतेक भट्ट्यांमध्ये यीस्टच वापरतात, घरी तर मीही यीस्टच वापरते. पण त्या चवीच्या जवळ जायचं तर वेळ द्यावाच लागतो, दुसरा रस्ता मला माहीत नाही. तुम्ही ज्याला आजीपुराण म्हणालात त्याचा संबंध इथे आहे. लोकांना आजोळचा पाव आठवतो तो या वासाने, आणि हा वास तासाभरात येत नाही. ही चव नक्की कुठली हवी ते सांगितलं नसतं, तर रात्रभर थांबायचं कारण वाचणाऱ्याला कळलं असतं का?

माझं आजोळ मडगावजवळचं. आई लग्न होऊन डोंबिवलीत आली आणि गॅसवर ठेवायच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये तिने वर्षानुवर्षं पोई भाजली. पोदेराच्या हातची पोई खात वाढलेल्या माणसांना ती पटत होती. तेव्हा पोई कशी लागायला हवी हे मला माहीत आहे. तुम्ही कधी भाजली आहे का, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून समजत नाही.

ज्यांना खरोखर करून बघायची आहे त्यांच्यासाठी, मूळ लेखात थोडक्यात आटोपलेला भाग. फ्रिजमधलं पीठ बाहेर काढून तासभर ठेवा, आठ गोळे करा, ओल्या कापडाखाली अर्धा तास राहू द्या. मग ओट्यावर गव्हाचा जाडसर कोंडा पसरून गोळा त्यावर हाताने थापा, जाडी सगळीकडे एक सेंटिमीटर. कडा पातळ आणि मध्य जाड राहिला तर पोकळी एका बाजूलाच येते. थापलेली पोई झाकूनच ठेवा, कारण वर पापुद्रा सुकला की ती फुगताना तडकते आणि वाफ निघून जाते. ओटीजीच्या (छोट्या विजेच्या ओव्हनच्या) वरच्या-खालच्या दोन्ही कॉइल चालू करून तापमान 230 अंशांच्या वर न्या आणि जाड ट्रे उलटा घालून अर्धा तास आधीपासून तापवा. भट्टीची लादी जे काम करते ते इथे ट्रेला करायचं असतं: खालून एकदम धग लागली की आत वाफ कोंडते आणि पोई टम्म फुगते. गार ट्रेवर ठेवलेली पोई नुसताच जाड पाव होते. आठ ते दहा मिनिटं पुरतात. भाजल्यावर कापडात गुंडाळा म्हणजे मऊ राहते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा पडतो. फ्रीजरमध्ये मात्र चालतो.

मैद्याबद्दल: लेखात मी प्रमाण स्पष्ट दिलं होतं, पोई औषध आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यावर अधिक लिहीत नाही.

तुमची पोई तासाभरात होत असेल तर जरूर करा. पण माझी कृती करून न बघता तिला नाटक म्हणू नका. आणि लेखातला आजीचा भाग आहे तसाच राहील.