किल्ली कुणाकडे? गिरगावच्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. लगेच लिहिलं असतं तर ती नुसती माझी बाजू सावरणं झालं असतं, म्हणून थांबले.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. 'लपवलेला फोल्डर म्हणजे सुरक्षित फोल्डर नव्हे, महत्त्वाचं सगळं एन्क्रिप्ट करा,' म्हणजे पासवर्डाशिवाय वाचताच येणार नाही असं करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, चाळीतल्या दीड खोलीत सहा माणसं आणि एक कॉम्प्युटर, तिथे कुलूप लावायचं कुणापासून? तुमच्या दादांनी असाच सल्ला ऐकून घरच्या कागदांच्या फोल्डरला पासवर्ड घातला. ते मार्चमध्ये गेले. पागडीच्या जुन्या भाडेपावत्यांचे स्कॅन आणि आईचे फोटो आत अडकले, आणि इकडे पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. 'लिहिताना मागे राहणाऱ्यांचा विचार केला होतात का?' हा तुमचा शेवटचा प्रश्न.

नव्हता केला. पासवर्ड केवढा लांब असावा यावर मी दोन परिच्छेद लिहिले, पण आपल्यामागे तो घरच्यांना कसा मिळेल यावर एक ओळही नाही. हे माझं चुकलं. दादांबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

आधी त्या फोल्डरचं पाहू. तो कॉम्प्युटर कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका, विंडोज नव्याने टाकू देऊ नका. दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडला नेलात तरी 'डेटाला हात लावायचा नाही' हे पावतीवर लिहून घ्या. शक्य असेल तर आधी अख्ख्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

मग कुलूप कोणतं आहे ते ओळखायचं. फोल्डर उघडताना काळी खिडकी येऊन पासवर्ड मागत असेल, तर आशा बरीच आहे. 'नोटपॅडमध्ये दहा ओळी लिहून फोल्डर लॉक करा' ही युक्ती इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरते आहे. त्यात डॉट बॅट शेवट असलेली एक छोटी फाइल बनते, आणि पासवर्ड त्या फाइलमध्येच साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. फाइलवर राइट-क्लिक करून 'एडिट' म्हणा आणि ओळी वाचा. फोल्डर लॉक करणारी काही फुकट सॉफ्टवेअरंही आत कसलंच एन्क्रिप्शन करत नाहीत, फोल्डर फक्त नजरेआड करतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, सुरू केली की अशा फायली समोर दिसतात.

पासवर्ड न मागता नुसतं 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येत असेल, तर गोष्ट वेगळी. कधी ती फक्त परवानगीची अडचण असते आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून फोल्डरची मालकी आपल्याकडे घेता येते. पण विंडोजच्या प्रो आवृत्तीत फायली एन्क्रिप्ट करायची एक आतलीच सोय आहे, तिची किल्ली दादांच्या विंडोज खात्याला बांधलेली असते. फायलींच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर हेच समजा. अशा वेळी कुणी 'खात्याचा पासवर्ड रिसेट करून देतो' म्हणालं तर थांबवा. बाहेरून रिसेट केल्यावर ती किल्ली निकामी होऊ शकते. त्यांचा मूळ पासवर्ड शोधणं हाच खरा रस्ता. त्यांच्या डायऱ्या, टेलिफोनची वही, पासबुकांची मागची पानं बघा.

सेव्हन-झिप या फायली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल असेल तर आत काय आहे हे तरी बहुधा दिसेल, कारण फायलींची नावंही झाकायची तर तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. मात्र त्या फाइलला किंवा व्हेराक्रिप्टला (हा एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम) चांगला लांब पासवर्ड असेल, तर तो सापडल्याशिवाय दार उघडत नाही. पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा दादांच्या ईमेलमधल्या 'पाठवलेल्या' पत्रांत शोधा. पावत्या कुणा वकिलाला, बिल्डरच्या माणसाला किंवा चाळीच्या कमिटीला पाठवल्या असतील तर तिथे त्या बिनकुलपाच्या मिळतील.

आता जिथे माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे ते. कुलूप घरातल्या माणसांसाठी नसतंच. काही वर्षांपूर्वी माझा कॉम्प्युटर सुरू होईना म्हणून मी एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. विंडोजला पासवर्ड होता, म्हणून निर्धास्त होते. त्या मुलाने डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि पासवर्ड न विचारता सगळा डेटा उतरवून घेतला. विंडोजचा पासवर्ड फक्त विंडोजचं दार अडवतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर तिच्यावरची अक्षरं उघडीच असतात. डेटा परत देताना त्याने स्वतःची डिस्क माझ्यासमोर उघडली, तर त्यात इतर गिऱ्हाइकांच्या नावांचे फोल्डर ओळीने होते. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाचं पॅन कार्ड. माझंही नाव तिथे होतं. ते पाहून पोटात खड्डा पडला. मी लपवलेला फोल्डरही त्यात होताच. 'हिडन' ही फाइलला लावलेली एक खूण आहे, 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर टिचकी मारली की संपली. म्हणून आधार, पॅन, बँकेचे कागद उघडे ठेवा, असं मी अजूनही म्हणणार नाही.

पण 'सगळं एन्क्रिप्ट करा' हे माझं वाक्य मात्र चूक होतं. आईच्या फोटोंना कुलूप कशाला? चोराला त्यांचा उपयोग नाही, आणि हरवले तर पुन्हा मिळत नाहीत. त्यांना जपायचं ते प्रती वाढवून. भाडेपावत्यांचंही तसंच, त्या जितक्या हातांत असतील तितकं बरं.

प्रतींबद्दल मी इतकी आग्रही का, तेही सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आम्ही कलिन्यात तळमजल्यावर राहत होतो. सीपीयू टेबलाखाली जमिनीवर होता. बॅकअपच्या सीडी मी नेमाने काढत असे, त्या त्याच टेबलाच्या खालच्या खणात. दोन्ही एकाच पाण्यात गेलं. घरातल्या घरात ठेवलेली दुसरी प्रत ही दुसरी प्रत नव्हे, हे त्या चिखलात कळलं. आता माझी एक डिस्क बहिणीकडे डोंबिवलीला असते. गणपतीत जाते तेव्हा नवी नेऊन ठेवते, जुनी परत आणते. घरची डिस्कही काम झालं की काढून कपाटात ठेवते. २०१७ च्या जूनमध्ये न्हावाशेवाचं एक टर्मिनल ज्या सायबर हल्ल्याने ठप्प झालं, तसलं फायली निकामी करणारं काही घरच्या कॉम्प्युटरात शिरलं तर जोडलेली डिस्कही त्यातून सुटत नाही.

कुलूपबंद असा माझा एकच छोटा फोल्डर आहे, वीस-पंचवीस कागदांचा. त्याचा पासवर्ड मी कागदावर लिहिला आहे. होय, कागदावर. तो लिफाफा रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत नवऱ्याला मी फोल्डर उघडायला सांगते, आणि स्वतः बाजूला उभी राहते, कीबोर्डला हात लावत नाही. पहिल्या वर्षी त्यांना जमलं नाही, कारण कोणत्या प्रोग्रॅमने उघडायचं हे मी लिहिलंच नव्हतं. आता लिफाफ्यात तेही आहे. हे सगळं मला ठाऊक असूनही लेखात आलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं. लेखाच्या सुरुवातीलाच आज दुरुस्ती टाकली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.

फोल्डरवर टिचकी मारल्यावर पडद्यावर जे येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा, नावाच्या शेवटी टिंबानंतर काय आहे ते पाहा आणि मला कळवा. फोटोत कुणाचं नाव वा कागद दिसत असेल तर इथे टाकू नका, मेलवर पाठवा.