रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे : एक खुलासा

सर्व्हरमध्ये दोन डिस्क रेड-१ पद्धतीने, म्हणजे एकीवरचा मजकूर दुसरीवरही जसाच्या तसा राहील अशा, जोडल्या की वेगळ्या बॅकअपची गरज उरत नाही, असा दावा छोट्या व्यावसायिकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. एक डिस्क निकामी झाली तरी काम थांबत नाही, एवढेच त्यात खरे आहे. मात्र प्रत्येक नोंद दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहिली जात असल्याने, हिशेबाचे फोल्डर चुकून पुसले गेले किंवा रॅन्समवेअरने (खंडणीसाठी माहिती अडवून धरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) फायली कुलूपबंद केल्या, तर तेही दोन्हीकडे तितक्याच इमानाने उतरते.

बॅकअपची प्रत सर्व्हरपासून वेगळी, शक्यतो दुसऱ्या जागी असावी लागते, आणि ती अधूनमधून परत उतरवून पाहावी लागते. हा दुसरा भाग बहुतेक जण टाळतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवण्याच्या ऑनलाइन सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचे बॅकअप डेटाबेसच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे आधीपासूनच अयशस्वी होत असल्याचे उघड झाले. त्या घटनेच्या सुमारे सहा तास आधी, खरे तर चाचणीसाठी घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या डेटाच्या प्रतीवरून) काम सावरले. मधल्या वेळेतील नोंदी मात्र गेल्या.